नंबर थिअरीच्या पहिल्या तासाआधी

यंदा ज्यांना नंबर थिअरीचा, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा, पेपर आहे, त्यांनी कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या दोन आठवड्यांत काय काय करून ठेवावं, ते लिहितो. हा विषय सुरुवातीला सोपा वाटतो. मूळ संख्या, विभाज्यतेच्या कसोट्या, मसावि, लसावि सगळं शाळेत झालेलं असतं. आणि तिथंच पोरं फसतात, कारण आकडे ओळखीचे असले तरी आता नुसतं उत्तर काढून भागत नाही, ते का येतं ते सिद्ध करावं लागतं.

सगळ्यात आधी वही. दोनशे पानी, चौकटीची. कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत कुठल्याही दुकानात मिळेल. पहिल्या पानावर १ ते २०० संख्या लिहा आणि २, ३, ५, ७, ११, १३ यांच्या पटी खोडत जा. त्या सहा संख्या मात्र ठेवा, १ सुद्धा खोडा. शेवटी ४६ मूळ संख्या उरल्या पाहिजेत. ४७ उरल्या तर १ किंवा १६९ खोडायची राहिली असेल, मीही १६९ सोडली होती. मग १३ वरच का थांबलो, १७ च्या पटी का खोडाव्या लागल्या नाहीत, ते खाली दोन ओळींत लिहा. या विषयातली ही तुमची पहिली सिद्धता.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, त्याला तीन-चार दिवस द्या. युक्लिडच्या रीतीनं मसावि काढायचा आणि मग उलटं चढायचं. आपल्या गावचेच आकडे घेऊ. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, राजाराम कॉलेज १८८० चं. १९६२ ला १८८० नं भागलं की बाकी ८२. १८८० ला ८२ नं भागलं की २२ वेळा जाऊन बाकी ७६. ८२ ला ७६ नं, बाकी ६. ७६ ला ६ नं, बाकी ४. ६ ला ४ नं, बाकी २. ४ ला २ नं पूर्ण भाग जातो, म्हणजे मसावि २. इथवर शाळा. आता खालून वर या: २ म्हणजे ६ वजा ४; त्या ४ च्या जागी ७६ वजा १२ गुणिले ६ लिहा; असं एकेक बाकी बदलत वर आलात की २ = ३२१ × १९६२ − ३३५ × १८८०. गुणून बघा, ६२९८०२ आणि ६२९८००. चढताना ८२, ७६ या बाक्या गुणून मोडू नका, त्यांना अक्षरासारखं जपा, फक्त त्यांच्या पुढचे गुणक बेरजेत घ्या. आणि वजाचं चिन्ह प्रत्येक ओळीत बोट ठेवून तपासा. अशी वीस गणितं हातानं झाली की पुढं कॉंग्रुअन्सची (म्हणजे समान बाकीची) समीकरणं, चायनीज रिमेंडर थिअरम (वेगवेगळ्या भाजकांच्या बाक्यांवरून संख्या शोधायची रीत) हे सगळं परकं वाटत नाही. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये हीच वाट दाखवली, तिला पुढं कुट्टक नाव पडलं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कुट्टक म्हणजे कुटणारा. आपल्याकडं मिरची कांडपाला नेतात, तशी मोठी संख्या कुटत कुटत बारीक करायची. मला हे नाव फार आवडतं.

मग मॉड्युलो, म्हणजे ठरलेल्या संख्येनं भागून फक्त बाकी बघायची. ७ आणि १२ यांचे गुणाकाराचे तक्ते काढा, फक्त बाक्या लिहून. ७ च्या तक्त्यात प्रत्येक ओळीत १ ते ६ एकदाच येतात, १२ च्या तक्त्यात ३ गुणिले ४ शून्य होतं. हा फरक डोळ्यांत बसला पाहिजे. दोन्ही बाजूंचा समान अवयव बिनधास्त छाटायची सवय इथं घात करते. ६ × २ आणि ६ × ७, दोन्हींची १० नं भागल्यावर बाकी २ च. पण ६ छाटला की २ आणि ७ मॉड्युलो १० सारखे नाहीत, मॉड्युलो ५ सारखे आहेत. छाटताना ६ आणि १० च्या मसाविनं मॉड्युलसलाही (ज्यानं भागतो ती संख्या, इथं १०) भागायचं असतं. पहिल्या चाचणीत माझे सहा मार्क यातच गेले, आणि ते बरोबरच गेले.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी वेगळं सांगतो. आपण भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असं मांडायचो, तीच शिस्त इथं लागते. आधी मराठीत पूर्ण वाक्यं लिहा, मग तीच इंग्रजीत करा. इंग्रजी अडतं म्हणून विचार अडू देऊ नका. इंडक्शन (पहिल्या संख्येला खरं, आणि एकीला खरं असेल तर पुढचीलाही खरं, असं दाखवणं) आणि विरोधाभासानं सिद्ध करणं, दोन्हींची पाच-पाच उदाहरणं करून ठेवा. दहा उदाहरणांत खरं निघालं म्हणून नियम झाला, असं वाटू लागलं तर n² + n + ४१ घ्या. n च्या जागी ० पासून ३९ पर्यंत काहीही घाला, मूळ संख्याच येते. ४० घातलं की ४१ चा वर्ग.

कॅल्क्युलेटर पहिला महिनाभर कपाटात ठेवा. जुन्या प्रश्नपत्रिका आत्ता नकोत. विद्यापीठात असाल तर खर्डेकर ग्रंथालयात एक ठरलेली जागा धरा, आणि एखादा सोबती बघा, ज्याला तुम्ही फळ्यावर सिद्धता समजावून सांगाल आणि जो मध्येच ‘हे कशावरून?’ विचारेल. आठवड्यातून दोनदा एक तास पुरे.

दोघांनी मिळून पहिलं गणित हे करा: विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२, रविवार. साठ वर्षांनी त्याच तारखेला कोणता वार? साठ वर्षं, त्यात पंधरा लीप, म्हणजे ७५. सातनं भागून बाकी ५. शुक्रवार. आता एकानं दुसऱ्याला सांगा, ३६५ च्या जागी नुसता १ धरलेला का चालला.