मातीच्या रस्त्यावर सायकल: नाशिककरांनी आधी जमीन बघायची, मग गिअर

कच्च्या रस्त्यावर जायचं म्हटलं की लोक आधी विचारतात कुठली सायकल घेऊ. सायकल राहू दे, आधी कुठल्या बाजूला जाणार ते सांग. पश्चिमेला गिरणारे, त्र्यंबककडे मुरमाड तांबडी जमीन बरीच आहे आणि पूर्वेला निफाडकडे काळी, आणि सगळा खेळ तिथेच आहे. मुरमावरचं पाणी लवकर निचरतं, काळी माती मात्र ओली असली की चाकाला अशी चिकटते की ब्रेक आणि फ्रेमच्या मधली जागाच भरून जाते. एकदा सप्टेंबरात निफाडच्या एका शिवाररस्त्यावर शॉर्टकट मारायला गेलो आणि जवळपास दोन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चाललो, मधे मधे काडीने चिखल खरवडत, शेतातली माणसं हसत होती ते वेगळंच. तेव्हापासून नियम एकच, पाऊस झाला की पुढचे दोन-तीन दिवस पूर्वेला जायचं नाही.

पहिल्यांदा जाताय तर गंगापूर रोडने गिरणारेपर्यंत डांबरी जा आणि पुढे काश्यपी धरणाच्या बाजूला मातीच्या वाटांना लागा. किंवा पाटाच्या कडेची वाट धरा, पाटाला उतार अगदी थोडा ठेवतात म्हणून ती वाट बरीचशी सपाट असते, नवख्याला बेस्ट. फेब्रुवारीपर्यंत सगळं सुकलेलं असतं तेव्हा निफाडच्या वाटांनी नांदूर मधमेश्वरला जा, पक्षी असतात, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसार यादीत आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण आहे ते.

मॅपवर भरोसा ठेवू नका, मॅपमधली वाट कुणाच्या तरी द्राक्षबागेच्या गेटपाशी संपते. माणसाला विचारा, पण "रस्ता आहे का" असं नाही, त्याला उत्तर कायम "हो आहे ना" असंच येतं. "मोटरसायकल पार पलीकडे निघते का दादा?" असं विचारा. आणि "हे काय, जवळच" म्हणाले तर चार-पाच किलोमीटर धरून चाला. बागेत फवारणी चालू असेल तर थांबा, ब्लोअर पुढे जाऊ द्या. घड तोडून खायचा मोह तर अजिबात नको, एक तर चोरी आणि वर औषध मारलेलं.

हवा कमी ठेवा. दोन इंची टायर असेल तर ३५ पीएसआयच्या आसपास, रोडवरची ६० इथे ठेवली तर सायकल दगडांवर नुसती उड्या मारते. फार कमी केली तर ट्यूब रिमवर चेपून फाटते, तेही बघा. खरा शत्रू मात्र बाभळीचा काटा, दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, टायर काढायचे लिव्हर आणि पंप हवाच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, काटा तिथेच बसलेला असतो. ट्यूबला बारीक, प्रेस्टा प्रकारचा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं अ‍ॅडॉप्टर ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलचंच नोजल असतं.

चालवताना सुटी खडी आली की पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, बूड जरा मागे, हात सैल, नजर चाकावर नाही तर आठ-दहा मीटर पुढे. मळ्यातली कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नका, उतरून ती तुमच्या आणि कुत्र्यांच्या मधे धरून हळू चाला, बहुतेक वेळा भुंकून गप्प बसतात. उसाच्या भागात अंधार पडायच्या आत बाहेर पडा, निफाडच्या उसात बिबटे आहेत, गंमत नाही. पाणी दोन लिटर.

घरी आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरने सायकल धुवू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. माती सुकू द्या, ब्रशने झाडा, चेन फडक्याने पुसा, थेंब थेंब तेल टाका आणि वरचं तेल परत पुसून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी सगळी धूळ तिथेच जमते.