पाय वाचवायचा की कापायचा : सही करण्याआधी घरच्यांनी काय विचारावं

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. वाचवलेले पायही माझ्याकडे येतात आणि कापलेलेही. त्यामुळे वर्धा रोडवर किंवा हिंगण्याच्या कंपनीत कोणाच्या पायाचा चेंदामेंदा झाला, की ओळखीतून फोन येतो, "ताई, डॉक्टर पाय कापावा लागेल म्हणतात. काय करू?"

आधी वेळेचं बोलू. मुख्य रक्तवाहिनी तुटली असेल तर स्नायू रक्ताशिवाय साधारण सहा तासच तग धरतात. १०८ ला फोन करा, स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, हळद किंवा चहापत्ती भरू नका. हाडांचे, रक्तवाहिन्यांचे आणि प्लास्टिक सर्जन एकाच छताखाली मिळतील अशाच ठिकाणी न्या. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ट्रॉमा सेंटर (अपघातातल्या जखमींचा खास विभाग) आहे, हे लक्षात असू द्या. पाय नुसता कातडीवर लोंबत असेल किंवा पायामुळे जीवच धोक्यात असेल, तर चर्चेत वेळ घालवू नका, सही करा.

पण पुष्कळदा मधली परिस्थिती असते : पाय वाचवता येईल, पण पुढचा रस्ता फार लांबचा. अशा वेळी दोन-चार दिवस विचाराला मिळू शकतात. डॉक्टरांना सरळ विचारा : जखमेला किती गुण दिलेत? कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलनं नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी एक गुणपद्धत केली आहे. तिच्यात १४ किंवा कमी गुण असले तर पाय वाचवण्याकडे कल, १७ किंवा जास्त असले तर कापण्याकडे. १५-१६ म्हणजे अनुभवी सर्जननं डोळ्यांनी बघून ठरवायचं. कोणतीही गुणपद्धत एकट्यानं निकाल देत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि "तळपायाला स्पर्शच कळत नाही" एवढ्याच कारणावरून कापू म्हणत असतील तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच. अशा वाचवलेल्या पायांपैकी निम्म्याहून अधिक पायांत दोन वर्षांत संवेदना परत आलेली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसली आहे.

त्याच अभ्यासात आठ ट्रॉमा केंद्रांतले ५६९ रुग्ण होते, निष्कर्ष २००२ साली छापले गेले. दोन वर्षांनी पाय वाचवलेले आणि कापलेले यांच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक नव्हता. दोन्हीकडचे जवळपास निम्मेच कामावर परतले होते. फरक होता तो पुन्हा भरती होण्यात : वाचवलेल्यांत सुमारे ४८ टक्के, कापलेल्यांत ३४. म्हणून माझा प्रश्न "पाय राहील का" हा नसतो. दोन वर्षांनी हा माणूस कसा जगत असेल, हे मी विचारते.

वाचवण्याचा खरा अर्थ बायकोच्या हातातला पाना बघितल्यावर कळतो. हाडाचा तुकडा गेला असेल तर इलिझारोव्हची रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून, तारांनी हाडाला धरलेली धातूची चौकट, बसवतात. पान्यानं तिचे नट फिरवून हाड रोज एक मिलिमीटर सरकवायचं, तेही चार वेळा पाव-पाव करून. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. सहा सेंटिमीटर अंतर असलं तर नुसतं सरकवण्यात दोन महिने, आणि नवं हाड घट्ट व्हायला त्याहून कितीतरी जास्त. रिंग वर्षभर राहू शकते. तारांच्या तोंडाशी पू होतो, ड्रेसिंग रोज करावं लागतं. घरात हे कोण करणार, तोपर्यंत कमाई कोणाची, हे आधीच बोलून घ्या. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला राशनकार्ड, आधार दाखवून पहिल्याच दिवशी विचारा.

खर्रा बंद. यात मी तडजोड करत नाही. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळत नाही, फ्लॅप (जखम झाकायला दुसरीकडून आणून लावलेलं मांस-कातडं) मरतो. भेटायला येणारा मित्र उशीखाली पुडी सरकवून जातो, तर त्या मित्राला दारातच थांबवा.

पेशंट शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचा. "त्याला सांगू नका, खचेल" असं म्हणणाऱ्या काकूंची माया मला कळते, पण झोपेतून उठून पाय नसल्याचं बघणं त्याहून वाईट. सांगा, रडू द्या, आणि दोन वर्षं उलटलेल्या एखाद्या माणसाशी गाठ घालून द्या. एक वाचवलेला, एक कापलेला, दोन्ही.

कापायचंच ठरलं तर विचारा : गुडघा वाचेल का? गुडघ्याखाली कापलेल्या माणसाला चालायला बरीच कमी शक्ती लागते, म्हणून गुडघ्यासाठी आग्रह धरा. ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं म्हणून सगळेच ठेवतात, मग गुडघा वाकडाच आखडतो आणि कृत्रिम पाय नीट बसत नाही. बँडेज आठच्या आकड्यासारखं, टोकाला घट्ट आणि वर सैल. नसलेला पाय दुखतो असं तो म्हणाला तर "मनाचं आहे" म्हणू नका. ते दुखणं खरं असतं, त्यावर औषधं आहेत. जखम भरून सूज उतरली की कृत्रिम पायाचं माप घेता येतं. जयपूर फूट मोफत मिळतो, त्याची चौकशी आधीच करून ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्जही भरा.

आणि नागपूरचा मे महिना. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत ठुंठ बसतं तिच्यात, घाम साचतो, कातडी सोलते. जास्तीचा सुती मोजा खिशात ठेवा, दुपारी बदला. रोज रात्री आरशात ठुंठाचं टोक बघा. लाल डाग उतरत नसेल तर पाय घालायचा थांबवा आणि सॉकेट करणाऱ्याकडे जा.