जुनी गाडी आवाज करालीय? आधी तो कधी येतो ते शोधा

जुन्या गाडीतून नवा आवाज यायला लागला की बहुतेक जण थेट गॅरेज गाठतात. "मिस्त्री, गाडी आवाज करालीय ओ, बघा की जरा." मिस्त्री एक चक्कर मारून येतो, नेमका तेव्हा आवाज येत नाही, आणि मग अंदाजाने शॉकअप बदलले जातात. पैसे जातात, आवाज राहतो. हे सहज टाळता येते. आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो कधी येतो हे पक्के करायचे. सगळी बॉडी पत्र्याने एकमेकांना जोडलेली असते, त्यामुळे उजव्या चाकाचा आवाज डाव्या पायाशी ऐकू येऊ शकतो. दिशेच्या बाबतीत कान फसतो, वेळेच्या बाबतीत सहसा फसत नाही.

इथे सांगितलेले मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा पुढच्या चाकांना ओढ असलेल्या छोट्या गाड्यांना लागू पडते.

आधी हे बघा, कारण यात थांबावेच लागते

ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिनातून खडखड येत असेल तर तिथेच इंजिन बंद करा. 'घरापर्यंत जाऊ' म्हणून चालवलेल्या दोन-चार किलोमीटरमध्ये इंजिन जाम होऊ शकते. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखराट येत असेल, किंवा चाकाकडून ठोके येऊन स्टेअरिंग हलत असेल, तरी गाडी पुढे नेऊ नका, टोचन गाडीवर उचलून न्या. बाकी आवाजांना एक-दोन दिवसांची सवड असते.

गाडी रिकामी करा

डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, सीटखाली गेलेल्या बाटल्या, ग्लोव्ह बॉक्समधली चिल्लर असे सगळे बाहेर काढा. नंबर प्लेट, बंपरचे टोक, बॅटरीची पट्टी हाताने हलवून बघा. हे हास्यास्पद वाटले तरी टाळू नका.

उभ्या गाडीत ऐका

हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि हळूहळू रेस द्या. आवाज इथेच आला तर चाकांचा संबंध नाही, दोष इंजिनाच्या बाजूला आहे. आता एसी चालू-बंद करा. एसीबरोबर आवाज बदलला तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा बेल्ट. क्लच दाबल्यावरच घरघर सुरू झाली तर क्लचचे रिलीज बेअरिंग; उलट क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्समधले बेअरिंग.

सकाळी पहिल्या स्टार्टला चिरकणारा आवाज येऊन थोड्या वेळाने थांबत असेल तर फॅन बेल्ट पाहा. ठरावीक रेसलाच पत्रा थरथरल्यासारखा वाजत असेल तर सायलेन्सरवरचे, उष्णता अडवणारे पत्र्याचे झाकण सुटलेले असते. गाडी पूर्ण गार झाल्यावर ते हाताने हलवून बघा. मोठ्या लोखंडी क्लिपने आवळले की काम झाले.

बॉनेट उघडून ऐकायचे असेल तर हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरा, दुसरे एकेका भागाजवळ न्या. आवाज कुठला ते लगेच कळते. ओढणी, सैल बाही, साखळी आधी बाजूला करा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्याच्यापासून हात लांबच ठेवा.

आता रस्त्यावर

पहाटेची वेळ चांगली. आपल्या सोलापुरातून तुळजापूर रोड किंवा विजापूर रोडला शहर सोडून थोडे पुढे जा. मात्र गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमध्ये ही चाचणी करू नका. एक माणूस बरोबर घ्या, चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. मागे-पुढे कोणी नसताना ताशी ५०-६० च्या वेगात गाडी न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करू नका, कारण त्याने ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतात. रेस उतरली तरी आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबर कमी होत गेला, तर तो चाक, टायर किंवा बेअरिंगचा. रेसबरोबर गेला तर इंजिनाकडचा. या एका चाचणीने निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते.

पुढे घूं-घूं कशाची ते ओळखा. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. बदलला नाही, पण लांब वळणावर कमी-जास्त झाला तर बेअरिंग. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून डाव्या वळणावर घूं-घूं वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. खात्रीसाठी सपाट जागी इतर चाकांना दगड लावून, जॅकबरोबर स्टँडही देऊन, ते पुढचे चाक उचला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. एक हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगल्या बेअरिंगचे चाक फिरताना स्प्रिंग शांत असते. खराब असेल तर तळव्याला वाळू दळल्यासारखी खरखर जाणवते. बोटे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालू नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. टक-टक-टक असा वेगाबरोबर जलद होणारा आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला आहे. चाकामागे टॉर्च मारा: जॉइंटवरचे रबरी आवरण म्हणजे बूट फाटलेले आणि आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसेल. बूट नुकतेच फाटले असेल आणि टक-टक सुरू झाली नसेल, तर नवे बूट व ग्रीस टाकून जॉइंट वाचतो. आपल्याकडची धूळ एकदा आत शिरली की ग्रीसचा पॉलिश पेपर होतो, म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

खड्डे, स्पीडब्रेकर आणि सोलापूरचे ऊन

सर्वात जास्त फसवणूक इथे होते. खालून कटकट आली की शॉकअपचे नाव पुढे येते. आधी एक स्पीडब्रेकर सरळ ओलांडा, दोन्ही चाके एकदम. मग तोच तिरका ओलांडा, म्हणजे आधी एक चाक चढेल. सरळ जाताना शांत आणि तिरके जाताना कटकट, असे असेल तर स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक किंवा तिचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, पाहायला सांगा. ही कामे शॉकअपपेक्षा बरीच स्वस्त आहेत. शॉकअपची परीक्षा वेगळी: बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेले. शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळलेले दिसले तरी तेच.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि अनेक गाड्या दिवसभर उन्हात तळतात. त्या उष्णतेने बुशांचे रबर कडक होते, चिरते. त्यातून जुन्या दरवाज्यासारखे कुरकुरणे सुरू होते. कोणते बुश ते शोधायला पाण्याची पिचकारी पुरते. एका वेळी एकाच बुशवर पाणी मारा आणि गाडी हलवून बघा. आवाज थोडा वेळ थांबला की तेच बुश.

धुलाईनंतर गाडीखाली डिझेल किंवा जुने ऑइल फवारायची पद्धत आहे. ती कृपया नाकारा. चार दिवस शांत वाटते, पण तेलाने रबर फुगते, वर धूळ चिकटते आणि ब्रेकवर तेल उडाले तर जीवावरचे काम.

धुतल्यावर किंवा पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक पहिल्या एक-दोन वेळा घासल्यासारखे वाजतात, तो डिस्कवरचा गंज असतो. ब्रेक दाबताना रोज चिरकत असेल तर मात्र पॅड उघडून बघा. ३ मिलिमीटरच्या खाली आले असतील तर बदला, आणि तेही दोन्ही चाकांचे.

मिस्त्रीकडे जाताना

चार ओळी लिहून न्या: गार इंजिनावर की गरम झाल्यावर, वेग किती, वळताना की सरळ, ब्रेक-क्लचशी संबंध आहे का. "डावीकडं फुल कट मारला की टकटक, सरळ गेलं की नाही" असे सांगितले की मिस्त्री थेट त्या चाकाशी बसतो. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून न्या, आणि चक्कर मारताना स्वतः शेजारी बसा.

बेल्ट, बेअरिंग, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), ब्रेक ही कामे मिस्त्रीवरच सोपवा. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि हातात धरून बघा: लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट सैल हलतो का, बेअरिंग खरखरते का. लोअर आर्मला हात लागला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. चाक काढले असेल तर साधारण १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, आणि ज्या रस्त्यावर, ज्या वेगात आवाज सापडला होता, तिथेच एकदा गाडी फिरवून आणा.