सायकलचा स्टँड निवडताना या चुका टाळा

रिकामी सायकल जवळपास कुठल्याही स्टँडवर उभी राहते. स्टँडचा कस लागतो तो कॅरिअरवर लॅपटॉपची बॅग, एका बाजूला भरलेली पिशवी आणि चाकांखाली किंचित उतार असताना. तरी आपण स्टँड निवडतो तो चकाकी आणि पाकिटावरचं ‘सर्व सायकलींसाठी’ हे लेबल बघून. मीही तसाच घेतला होता. पहिल्या आठवड्यात सायकल तीनदा आडवी झाली आणि तिन्ही वेळा मी वाऱ्याला दोष दिला.

ओझं मागे आणि स्टँड मध्ये

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. साइड स्टँड दोन जागी बसतो: पेडलच्या मागे, दोन नळ्यांच्या बेचक्यात (हा मधला स्टँड), किंवा मागच्या चाकाच्या आसाजवळ डाव्या नळीवर (हा मागचा). दिसायला फरक फार नाही, वागण्यात मात्र खूप आहे.

स्टँडवर लावलेली सायकल जमिनीला तीन ठिकाणी टेकते: पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टँडचं टोक. हे तीन बिंदू जोडले की जमिनीवर त्रिकोण होतो. सायकल आणि सामान मिळून जो गुरुत्वमध्य, तिथून ओळंबा सोडला तर तो या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. मधल्या स्टँडचा त्रिकोण सायकलच्या मध्यावर रुंद असतो आणि मागच्या चाकाकडे निमुळता होत जातो. कॅरिअर भरलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणजे नेमका त्या निमुळत्या भागाकडे. पुढचं चाक हलकं होतं, हँडल आपोआप वळतं आणि सायकल डावीकडे, स्टँडवरूनच कलंडते. पडताना ती स्टँडच्या बाजूलाच पडते, म्हणून ‘स्टँड वाकडा निघाला’ असं वाटतं. स्टँड बिचारा सरळच असतो.

रोजचं सामान मागे असेल तर मागचा स्टँड घ्या. त्याचा त्रिकोण मागेच रुंद असतो. पुढे टोपली असेल तर हिशेब उलटा. तिथे मधला बरा, आणि टोपली जड असेल तर हँडल वळू नये म्हणून फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुफाटा) यांच्यामध्ये लावायची स्प्रिंगही हवी. दोन्हीकडे ओझं असेल किंवा मुलाची सीट असेल तर दोन पायांचा डबल स्टँड. त्यावर सायकल सरळ उभी राहते, सामान बांधताना दोन्ही हात मोकळे राहतात. मात्र तो साइड स्टँडपेक्षा बराच जड असतो आणि ओबडधोबड जमिनीवर रुसतो. आणि कितीही भक्कम असला तरी मूल सीटवर ठेवून सायकल सोडून जायचं नाही. एक हात हँडलवर हवाच.

चाकाच्या मापावरून लांबी ठरवणं

‘26 इंची चाकाचा स्टँड द्या’ हे मागच्या स्टँडबाबत बरोबर आहे. तो आसाजवळ बसतो, आणि आस जमिनीपासून किती उंच हे चाकावर ठरतं. मधल्या स्टँडचं तसं नाही. तो पेडलच्या अक्षाजवळ बसतो, आणि त्या अक्षाची उंची पाय पुरण्याच्या हिशेबाने ठेवलेली असते. म्हणून 20 इंची चाकाच्या फोल्डिंग सायकलचा पेडल-अक्षसुद्धा मोठ्या सायकलच्या जवळपास त्याच उंचीवर असतो. मधल्या स्टँडसाठी चाक विसरा. तो जिथे आवळला जाणार तिथून जमिनीपर्यंत टेप लावा. टायरमध्ये नेहमीची हवा भरलेली असू द्या, नाहीतर माप चुकतं.

लांबी कमी-जास्त करता येणारा स्टँड मिळाला तर उत्तम. कापायचाच असेल तर एका वेळी अर्धा सेंटिमीटर कापा आणि प्रत्येक वेळी सायकल उभी करून, सामान लादून बघा. कापताना टोकाला जमिनीच्या हिशेबाने तिरपा काप द्या आणि रबरी टोपी परत बसवा. घाईत दोन सेंटिमीटर उडवणाऱ्याला पुढे आयुष्यभर स्टँडखाली दगड शोधावा लागतो.

फ्रेम न बघता आवळणं

मधला स्टँड एका जाड बोल्टवर असतो. वर एक पट्टी, खाली स्टँड, मध्ये फ्रेमच्या दोन नळ्या. फ्रेमवर यासाठी वेल्ड केलेली प्लेट असेल तर काळजी नाही. नसेल तर सगळा दाब पातळ नळ्यांवर येतो. स्टँड हळूहळू फिरून टायरला लागतो, आपण लांब पाना घेऊन आणखी आवळतो, तो पुन्हा फिरतो. दोन-तीन महिन्यांनी काढून बघावं तर नळ्यांना खळगे पडलेले. मजबूत दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमचंही हेच होतं. कार्बन फ्रेमवर तर असा स्टँड लावायचाच नाही, तो धोका आहे.

मागच्या स्टँडसाठी काही फ्रेमच्या डाव्या नळीवर दोन भोकं दिलेली असतात, त्यांच्यामधलं अंतर 18 किंवा 40 मिलिमीटर. मोजून घ्या, 18च्या भोकांना 40चा स्टँड कुठल्याही जुगाडाने नीट बसत नाही. डिस्क ब्रेक असेल तर मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारा भाग, त्याच कोपऱ्यात असतो, तेव्हा जागा उरते का ते आधी बघा. आणि नळीखालून जाणारी ब्रेकची किंवा गिअरची केबल स्टँडखाली चेपली जात नाही ना, हेही. गिअर अचानक अडखळायला लागले आणि आदल्या दिवशीच स्टँड बसवलेला असेल, तर गिअर जुळवत बसू नका. आधी स्टँड सैल करून बघा.

बसवल्यावर काय बिघडतं

सायकल उजवीकडे पडते: स्टँड लांब झालाय, सायकल जवळजवळ सरळ उभी राहते, उजव्या बाजूच्या जड पिशवीने तोल जातो. डावीकडे फार झुकते: आखूड आहे, किंवा रबरी टोपी पडून गेलीय. दुसरी शक्यता आधी तपासा, स्वस्तात सुटते.

स्टँड लावलेली सायकल मागे ढकलली की खाडकन अडते. मधल्या स्टँडची ही जुनी खोड. चाक मागे फिरलं की पेडलही मागे फिरतं आणि डावा क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, स्टँडवर आपटतो. जोर लावू नका. आधी स्टँड वर घ्या, मग मागे घ्या. पार्किंगच्या दाटीत रोज सायकल मागे घ्यावी लागत असेल तर मागचा स्टँडच सोयीचा.

उतारावर लावताना सायकलचं तोंड चढाकडे ठेवा. स्टँड मागच्या बाजूला मिटतो. सायकल पुढे सरकली तर तो मिटून जातो, मागे सरकली तर उलट आपल्या अडणीवर घट्ट दाबला जातो. त्यावर पुढच्या ब्रेकचा दांडा रबरबँडने हँडलला बांधून ठेवला की चाक फिरतच नाही. दिसायला गबाळं, पण चालतं.

चालवताना खडखड येत असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंग ढिली असते किंवा बिजागरीत धूळ असते. पुसून थेंबभर तेल द्या. तरीही स्टँड खड्ड्यात आपोआप खाली येत असेल तर स्प्रिंग बदला, तोवर वेल्क्रोच्या पट्टीने वर बांधून ठेवा. डाव्या वळणावर खाली आलेला स्टँड रस्त्याला टेकला तर सायकलच उचलली जाते.

फोनवर बोलताना स्टँडवरच्या सायकलवर टेकून बसायची सवय असेल तर ती सोडा. स्टँडवर लिहिलेली वजनाची मर्यादा सायकल आणि सामानाची असते, तुमची नव्हे.

मऊ मातीत टोक रुततं, तिथे बरणीचं चपटं झाकण खाली ठेवा; माझ्या बॅगेत एक कायम पडलेलं असतं. नव्या स्टँडचा बोल्ट पहिल्या आठवड्यात थोडा बसतो, तेव्हा सात-आठ दिवसांनी एकदा पाना लावून बघा. घट्ट असेल तर सोडून द्या, उगाच आणखी पिळू नका.