जुना मायक्रोवेव्ह गेला? नवा घेण्याआधी घरातलं व्होल्टेज मोजा

आत ठिणग्या उडाल्या म्हणून मायक्रोवेव्ह लगेच भंगारात काढू नका. पुष्कळदा आतल्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा तेलाच्या शिंतोड्यांनी जळलेला असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो. दिवा लागतो, ताटली फिरते, पण दूध गारच राहतं, तर मात्र मॅग्नेट्रॉन (अन्न तापवणाऱ्या लहरी बनवणारा भाग) किंवा त्याला वीज देणारा भाग गेलेला असतो. खूप जुन्या यंत्रात तो खर्च करू नये. आणि मागचा पत्रा स्वतः कधीच उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

प्रकार निवडणं सोपं आहे. वरण-भात गरम करायला, दूध तापवायला, पापड भाजायला सोलो, म्हणजे फक्त लहरींनी तापवणारा साधा प्रकार, पुरतो. केक, नानकटाई खरोखर करणार असाल तरच कन्व्हेक्शन, म्हणजे ज्यात भट्टीसारखा हीटर आणि पंखाही असतो तो. चार माणसांना २३ ते २५ लिटर. घरातला नेहमीचा काचेचा बाउल दुकानात घेऊन जा आणि तो आत फिरतो का बघा.

खरा घोळ विजेचा. परभणीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले कूलर सुरू झाले, डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) भार आला, की आमच्याकडे २३० चे १८५ व्होल्ट होतात. हे न मोजता मी २८ लिटरचा कन्व्हेक्शन आणला. रात्रीचा केक पाऊण तासानंतरही मधे ओलाच. दोनदा मेकॅनिक बोलावला, दोनदा पैसे दिले, यंत्र ठणठणीत निघालं. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटते. १८५ वर ती जवळजवळ ३५ टक्के कमी होते. सोलोचीही ताकद पडते. तेव्हा "ताई, कुठंही चालतं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

वायरमनला बोलावून सकाळी आणि रात्री सात ते नऊच्या दरम्यान व्होल्टेज मोजून घ्या. त्याच सॉकेटवर इस्त्री लावूनही मोजायला सांगा. इस्त्री लावताच आकडा दहा-पंधराने खाली आला, तर दोष घरातल्या वायरिंगचा किंवा सैल जोडणीचा. तो आधी काढा. सॉकेट १६ अँपिअरचं आणि अर्थिंग असलेलंच हवं. एक्स्टेंशन बोर्ड नको. माझा बोर्ड वितळलाय.

मग यंत्रामागची पाटी वाचा. तिथे दोन आकडे असतात: यंत्र ओढतं ती वीज आणि अन्नाला मिळणारी ताकद. अन्नाला ८०० वॅट देणारा सोलो साधारण १२०० ओढतो. दुकानात मोठा आकडा सांगतात. तुम्ही दोन्ही विचारा. व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर यंत्र ओढतं त्या आकड्यावरून घ्यायचा: सोलोला २ केव्हीए क्षमतेचा, २२०० वॅटच्या कन्व्हेक्शनला ३. फ्रिजचा लहान स्टॅबिलायझर याला जोडू नका, आणि लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवरही चालवू नका.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तपासणी करा. काचेच्या भांड्यात १ लिटर साधं पाणी घ्या, तापमान मोजा, पूर्ण ताकदीवर २ मिनिटं ठेवा, ढवळून पुन्हा मोजा. वाढलेल्या अंशांना ३५ ने गुणलं की वॅट मिळतात. २२-२३ अंश वाढले म्हणजे ८०० च्या आसपास. तापाचं थर्मामीटर चालणार नाही, प्रयोगशाळेतलं लागतं. व्होल्टेज नीट असताना आकडा पाटीपेक्षा फारच कमी आला, तर बिल घेऊन दुसऱ्या दिवशीच दुकान गाठा.