पुरस्काराचा अर्ज भरता भरता गुंतवणूक सल्ल्याचं ऑफिस कसं सुधारावं

दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन येतो. "सर, अभिनंदन! तुमची निवड झालीय." कशासाठी, हे विचारलं की आधी ट्रॉफीचे, मग समारंभातल्या टेबलाचे, मग मासिकातल्या पानाचे पैसे सांगितले जातात. त्याला सरळ नको म्हणा. अर्ज तिथेच करावा जिथे परीक्षक कोण ते आधी कळतं, निकष लेखी मिळतात आणि प्रश्न अडचणीत आणणारे असतात.

अर्ज हाती आला की लगेच भरायला बसू नका. त्याची प्रिंट काढा आणि दुपारी एक ते चार, म्हणजे पुण्यात कुणी यायची शक्यता नसते तेव्हा, सगळ्या स्टाफला घेऊन बसा. प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा: कागद दाखवता येईल, नुसतं तोंडी सांगता येईल, किंवा काहीच नाही. आमच्या कोथरूडच्या ऑफिसात निम्म्याहून जास्त खुणा 'तोंडी'च्या निघाल्या. सुधारणेची यादी तीच. वेगळा कन्सल्टंट लागत नाही.

पुढचं काम फायलींचं, आणि खरा वेळ इथेच घालवा. दहा फायली काढायच्या, पण त्या तुम्ही निवडायच्या नाहीत. ऑफिसातल्या सगळ्यात नव्या मुलाला किंवा मुलीला डोळे झाकून काढायला सांगा. जोखीम क्षमता शेवटची कधी तपासली, सल्ला का दिला याची लेखी नोंद आहे का, नॉमिनी आहे का, मागचा आढावा कधी झाला, एवढं पाहा. सेबीच्या, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाच्या, 2013 च्या नियमांनुसार नोंदणीकृत सल्लागाराने या नोंदी ठेवायच्याच असतात, त्याही 5 वर्षं.

आमची पहिलीच फाइल निघाली ती कर्वेनगरच्या एका काकूंची. काका गेल्यावर त्या कापडी पिशवीत सगळं घेऊन आल्या होत्या: सहकारी बँकेच्या एफडीच्या पावत्या, रबर लावलेल्या पॉलिसी, फंडाची स्टेटमेंटं. एकाच बँकेत त्यांच्या नावावर बारा लाख होते. ठेवींवरचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, 5 लाखांपर्यंतच असतो, हे मी त्यांना नक्की सांगितलं होतं. मला तो दिवस आठवतो, चहासुद्धा आठवतो. फाइलमध्ये मात्र त्याची एक ओळ नव्हती. उद्या काही झालं असतं तर मी काय दाखवणार होतो?

तेव्हापासून प्रत्येक भेटीनंतर एक पान लिहितो: काय सांगितलं, का सांगितलं, अशिलाने काय ठरवलं, कोणी काय कधीपर्यंत करायचं. मराठीत, आणि त्याच संध्याकाळी त्यांना पाठवून.

सोडून गेलेल्यांनाही फोन करा, पण तुम्ही स्वतः नको. पुणेकर तोंडावर स्पष्ट बोलतो असं आपण मानतो. सल्लागाराच्या तोंडावर मात्र तो "छान चाललंय" म्हणतो आणि पैसे गुपचूप दुसरीकडे नेतो. आम्हाला एकाच तऱ्हेचं उत्तर पुन्हा पुन्हा मिळालं: बाजार पडला तेव्हा तुमच्याकडून फोन आला नाही. परताव्याचा विषय कुणी काढलासुद्धा नाही.

आकडे देताना किती कोटी सांभाळता यावर भर नको. बाजार चढला की तो आकडा आपोआप फुगतो. ठरलेल्यापैकी किती आढावे झाले, किती घरांत नॉमिनी पूर्ण आहेत, प्रश्नाला उत्तर किती दिवसांत जातं, हे निदान तीन महिने आधीपासून मोजायला घ्या. कुणा अशिलाचं उदाहरण द्यायचं तर लेखी संमती घ्या आणि नाव-गाव काढून टाका. तुम्ही एआरएनवर, म्हणजे म्युच्युअल फंड विकण्याच्या नोंदणी क्रमांकावर, काम करणारे वितरक असाल तर अर्जात स्वतःला सल्लागार म्हणवून घेऊ नका. ते बिरुद सेबीकडे तशी नोंदणी असलेल्यांचं.

अर्ज शेवटच्या दिवशी पाठवू नका, आणि तो दिवस गुरुवार असेल तर मुळीच नको. आपल्याकडे वीज जायचा वार तोच.

मिळालाच पुरस्कार, तर पाटीवर 'पुण्यात नंबर वन' लिहायचा मोह आवरा. सल्लागारांसाठी सेबीची 2023 ची जाहिरात संहिता आहे. 'सर्वोत्तम', 'नंबर वन' असले शब्द तिला चालत नाहीत. स्वतंत्र संस्थेने दिलेल्या पुरस्काराची वस्तुस्थिती सांगता येते: नाव, वर्ष, देणारी संस्था.

आम्हाला पहिल्या वर्षी मिळाला नाही. परीक्षकांचे शेरे मागवून घेतले, तुम्हीही मागवा. 'मालक नसताना ऑफिस कसं चालतं?' या प्रश्नाला आम्ही अडीच ओळींत गुंडाळलं होतं. यंदाच्या अर्जात तिथे पानभर मजकूर आहे, आणि मे महिन्यात मी आठ दिवस कोकणात होतो. ऑफिसचा फोन दोनदाच आला, त्यातला एक आंब्याच्या पेटीसाठी.