अमेरिकेत गेलेल्या पणजोबांचे कागद: आधी कायद्याचं साल पाहा

नाव टाकून शोधायची घाई करू नका. ते अमेरिकेत कोणत्या साली उतरले, ते आधी पक्कं करा. तिथला कायदा बदलला की नोंदीचा कागदही बदलतो.

जून 1924 पर्यंत आलेल्यांची व्हिसा फाइल (प्रवेशाच्या व्हिसाचे कागद) नसते. जहाजाची प्रवासी यादीच चाळावी लागते. तिच्यात 'हिंदू' दिसलं तर तो धर्म समजू नका, शीख आणि मुसलमानही तसेच नोंदले जात. 1917 च्या कायद्याने भारतीय मजुरांना दार बंद झालं, विद्यार्थी आणि व्यापाऱ्यांना सूट राहिली. म्हणून त्यानंतरच्या यादीत व्यवसायाचा रकाना नीट वाचा. 1 जुलै 1924 पासून व्हिसा फाइल, ऑगस्ट 1940 पासून परकीयांच्या नोंदणीचा एआर-2 फॉर्म आणि 1 एप्रिल 1944 पासून ए-फाइल, म्हणजे परकीय व्यक्तीची सरकारी फाइल, मिळू शकते.

सगळ्यात जास्त चुका नागरिकत्वाच्या कागदांत होतात. 27 सप्टेंबर 1906 पासूनच्या नोंदी सी-फाइलमध्ये (नागरिकत्व घेतलेल्याच्या सरकारी फाइलमध्ये) असतात, पण ती सापडली म्हणजे नागरिकत्व टिकलं असं नव्हे. 1923 मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेले शीख भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत असं ठरवलं आणि आधी दिलेली नागरिकत्वंही सरकार रद्द करू लागलं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती वेळ आली. ते लढले आणि जिंकले. सगळ्यांना ते जमलं नाही. तेव्हा फाइलमध्ये रद्दीचा आदेश आहे का ते शोधा. असेल तर 1946 नंतरचा दुसरा अर्जही शोधा: त्या वर्षी भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, शिवाय भारतातून येऊन स्थायिक होण्यासाठी वर्षाला 100 जणांचा कोटा मिळाला.

नाव सापडत नसेल तर वडिलांच्या नावानेही शोधा. आपलं मधलं नाव कारकुनाने आडनाव म्हणून लिहिलेलं असू शकतं. जन्मस्थळ 'बॉम्बे' म्हणजे मुंबई शहरच असं नाही, सातारा आणि धारवाडही बॉम्बे इलाख्यातच होते. गोव्याच्या माणसापुढे पोर्तुगाल असू शकतं.

मग यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या) वंशावळ विभागाकडे जी-1041 अर्जाने सूचीतला शोध मागा, म्हणजे फाइल आहे का आणि तिचा क्रमांक काय ते कळतं. नावाची सगळी स्पेलिंगं द्या. जन्माला 100 वर्षं झाली नसतील तर मृत्यूचा पुरावा जोडा, नाहीतर काम अडतं. घरात नागरिकत्वाचं जुनं प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा क्रमांक हाच सी-फाइलचा क्रमांक. मग शोधाची पायरी गाळून थेट जी-1041ए, म्हणजे फाइलची प्रत मागण्याचा अर्ज, भरा.